साडेनऊ मीटर

किरुनात डिसेंबरात सूर्य उगवायचा थांबतो.
रावद्ना पाळीवर येते तेव्हा रात्र असते,
पाळी संपते तेव्हाही.
मधल्या वेळात उपग्रह येतात,
थोरला पुढे, धाकटा दोनशे मीटर मागे,
अकरा मिनिटं क्षितिजाच्या वर राहतात
आणि ध्रुवापलीकडे उतरून जातात.

तिच्या कागदावर पृथ्वी नसते.
पृथ्वीची उरते फक्त लय, सत्त्याण्णव मिनिटांची.
शून्यावर थोरला बसलेला,
त्याच्या मागे धाकटा लंबवर्तुळ काढत असतो,
जेवढं उंच त्याच्या दुप्पट लांब.
सेकंदाला साडेसात किलोमीटर पळतात दोघं,
पण एकमेकांना विचाराल तर
कुणी फारसं हललेलंच नाही.

नवा पोरगा टूरे, लूलेओहून आलेला.
त्याला तिनं पहिल्याच रात्री सांगितलं :
पुढच्याला गाठायचं तर ब्रेक लाव.
त्याला वाटलं, थट्टा.
मग तिनं बेकरीच्या पिशवीवर काढून दाखवलं.
वेग कमी, म्हणून कक्षा खाली,
खालची वाट जवळची, म्हणून पुढे.
घाई करणारा वर चढतो
आणि मागे पडतो.
टूरे बराच वेळ पिशवीकडे बघत राहिला.
म्हणाला, हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

उंचीत एक मीटरचा फरक
की फेरीगणिक साडेनऊ मीटर सरकतं अंतर.
दिवसाला जवळजवळ पंधरा फेऱ्या.
भांडण नाही, काही तुटलं नाही,
नुसता एक मीटर.
(हे सांगताना ती जरा थांबली होती.
टूरेनं कारण विचारलं नाही.)

तिचा बाप आन्ते कळपामागे धावत नाही.
बाजूनं जातो, लांबून,
स्कूटर बंद करून बर्फात नुसता उभा राहतो,
आणि कळप वळतो.
किती ढकलायचं, हे ती पाच वर्षं शिकली,
वाटीच्या तळाकडे घरंगळणाऱ्या गोटीसारखी
चूक दर क्षणी कमीच होत जाईल
अशी समीकरणं रचायला.
बापाला विचारलं, किती ढकलायचं,
तर म्हणतो : कमी.

त्यांच्यात विचारायचं नसतं कुणाला,
रेनडिअर किती तुझे.
पाकीट उघडून दाखव म्हटल्यासारखं होतं ते.
इथे मात्र ग्रॅमन् ग्रॅम लिहावा लागतो.
धाकट्याच्या टाकीत नायट्रोजन :
सोमवारी एकसष्ट, मंगळवारी अठ्ठावन्न.
स्टॉकहोमहून निरोप, अजून एक आठवडा ओढा.
तिनं कळवलं, एक्केचाळीस मी राखून ठेवलेत.
कशासाठी?
सोडण्यासाठी.
नीट सोडलं नाही तर एक दिवस आपटतील.

आज ती रात्र.
उपग्रह वर आले, आज्ञा गेली, झडप उघडली,
आणि धाकटा थोरल्याकडे निघाला.
एकशे नव्वद. एकशे सत्तर.
टूरे खुर्चीतून उठला.
चिन्ह चुकलंय, म्हणाला, उणे हवं होतं.
नाही, ती म्हणाली.
सोडलं की आधी जवळच येतं.
मग वर चढतं. मग मागे पडायला लागतं.
समीकरणातच आहे ते, दुसऱ्या ओळीत.
एकशे चाळीस.
एकशे अठरा, आणि अकरा मिनिटं संपली,
दोघं तसेच, सगळ्यात जवळ असताना
क्षितिजाखाली गेले.

पुढची शहाऐंशी मिनिटं काही करता येत नाही.
टूरेनं तीनदा कॉफी केली, एकदाही प्यायला नाही.
तिनं खिडकीची काच हातानं पुसली,
बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

मग अँटेना वळली.
आधी थोरला बोलला,
मग बराच उशिरा, स्वतंत्र, धाकटा :
मागे साडेतीन किलोमीटर, आणि वाढतंय.
टूरे हसला, डोळे पुसत,
आणि रावद्नानं रोजची वही पुढे ओढली.
वेळ लिहिली. अंतर लिहिलं.
किती उरलं, हा रकाना
तिनं रिकामा सोडला.